एकवीस महिने कशाला लागतात?

किलगोन, फर्मॅना
रविवार, ११ फेब्रुवारी २०१८

फेलिम,

चार वाजून गेलेत आणि तुझ्या खुर्चीत मांजर बसलंय. अकरा वर्षांत तुझा रविवारचा चहा पहिल्यांदा चुकला. केक मी एकटीने खाल्ला. तुझ्या वाटणीचा तुकडा जरा मोठाच होता.

मास्तर क्विग्लींचं भलं होवो. पन्नास वर्षांपूर्वी माणसाने दोन गावांचा दरवर्षीचा वादविवाद सुरू केला तो केला, वर हा नियम कशाला करून ठेवला? चिठ्ठ्या उचलल्या की वादाच्या दिवसापर्यंत दोन्हीकडच्या वक्त्यांनी सीमेवरचा पूल ओलांडून एकमेकांच्या घरी जायचं नाही, फोन करायचा नाही, बाजारात समोर आले तर हवेपाण्यापलीकडे बोलायचं नाही. का, तर मुद्दे फुटतात! पण पत्राबद्दल मास्तर काहीच बोलून गेलेले नाहीत. तीन मैलांवरच्या माणसाला कोण पत्र लिहील, असं वाटलं असेल त्यांना. म्हणून लिहितेय. हे माझ्या लाल पेटीतून बेलफास्टला जाईल, तिथून डब्लिनला, आणि मग तुझ्याकडच्या हिरव्या गाडीतून परत इकडे. चार दिवस. आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या गोठ्याचं छप्पर दिसतं!

चिठ्ठ्या मात्र फादरच्या टोपीतून काय निघाल्या! 'संघ सोडून जाणाऱ्या देशाला एकवीस महिन्यांचा मधला काळ मिळायलाच हवा.' तुझ्या हाती 'हवा', माझ्या हाती 'नको'. पुढच्या मार्चमध्ये लंडनच्या कारभारातले आम्ही युरोपातून बाहेर पडणार, तुम्ही आतच राहणार, आणि मग एकवीस महिने सगळं होतं तसंच चालणार. दार लोटलं, पण कडी घातली नाही. तू चिठ्ठी मोठ्याने वाचलीस तेव्हा दोन्ही गावं पोट धरून हसली. का हसली, ते कळलं ना तुला?

आता मुद्द्याचं. गेल्या तीन रविवारी सांगायचं म्हणत होते आणि तीनही वेळा तू गाईच्या खुरांबद्दल बोलत होतास. माझी भाची ओर्ला अ‍ॅबर्डीनला चहाचं दुकान काढतेय. 'मावशी, शाळेच्या मुलांना किती वर्षं बटाटे वाढणार? इकडे ये, भागीदार हो, वरची खोली तुझी,' म्हणते. ईस्टरच्या रविवारी मी तिला हो किंवा नाही सांगायचंय. मी चोपन्न वर्षांची आहे, फेलिम. तुझ्या घरात मला जागा असेल तर ईस्टरच्या आत सांग. नसेल तर मी जाते. रागाने नाही, पण जाते.

रोझलीन

•

ड्रमकिल, मॉनहन
रविवार, १८ फेब्रुवारी

प्रिय रोझलीन,

पत्र शुक्रवारी पोचलं. पोस्टमन म्हणाला, "पलीकडून आलंय, बिल असणार." मी हो म्हटलं.

इकडे हवा ओलीच आहे. खालच्या रानात पाय ठेवायची सोय नाही. लाल गाय मार्चच्या शेवटी विणार असं दिसतंय. तिची कंबर मला बरी वाटत नाही.

वादाची तयारी चालू आहे. मुद्दा सांगत नाही, फुटेल. पण एवढं म्हणतो की वासराचं दूध एका दिवसात तोडता येत नाही. सवय लावावी लागते. अट्रॅक्टाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हं." माझी बहीण हं म्हणाली म्हणजे बरंच झालं म्हणायचं.

गावातले लोक हसले ते मला कळलं. मी काही अगदीच ठोंब्या नाही.

आता अ‍ॅबर्डीनचं. तिकडे वारा फार असतो, असं ह्यूगी सांगतो. तो दर आठवड्याला मश्रूमचा ट्रक घेऊन स्कॉटलंडला जातो, त्याला माहीत. दुकानाच्या धंद्यात पहिली दोन वर्षं काही सुटत नाही, हेही ओर्लाने धरलंय ना? आणि यंदा ईस्टर फारच लवकर आलाय. एक एप्रिल म्हणजे काहीच नाही. गाई विणायच्या, मग खत, मग मे अखेर मुरघासाच्या गवताची पहिली कापणी. ओर्लाला विचारून बघ, ती दुसऱ्या कापणीपर्यंत थांबेल का. ऑगस्टपर्यंत चित्र स्पष्ट होईल.

मांजराला खुर्चीची सवय लावू नकोस.

तुझा
फेलिम

•

किलगोन
शनिवार, २४ फेब्रुवारी

फेलिम मॅकेन्टी,

धन्य आहेस! मी तुला लग्नाचं विचारलं (हो, तेच विचारलं, चोपन्नाव्या वर्षी, शाईने!) आणि तू माझ्याकडे मुदतवाढ मागतोस? तीही दुसऱ्या कापणीपर्यंत?

गेल्या अकरा वर्षांच्या मुदती मी मांडून बघितल्या. आधी वडिलांच्या थडग्यावरचा दगड. मग गोठ्याचं छप्पर. मग छपराचं सरकारी अनुदान. मग गुडघा. मग दोन वर्षं काहीच कारण नव्हतं, तेव्हा तू म्हणालास, 'बघू.' लंडनचे आणि ब्रसेल्सचे लोक एकवीस महिन्यांवरून कपाळं फोडताहेत. त्यांना म्हणावं, ड्रमकिलला या, इथे एका माणसाकडे शिकवणी लावा. त्यांचं भिजत घोंगडं दोन वर्षांचं, तुझं अकरा वर्षांचं. इतकं भिजलंय की त्यावर शेवाळ धरलंय.

वाऱ्याची काळजी करू नकोस. माझ्याकडे कोट आहे.

तू वाईट माणूस नाहीस. माझ्याकडे नळ गळला की तू येतोस. आई गेली तेव्हा सात दिवस रोज संध्याकाळी येऊन बसलास, बोलला काही नाहीस, पण बसलास. म्हणूनच मला कळत नाही. माणसाला मी नको असेन तर तो दर रविवारी येईल कशाला, आणि हवी असेन तर घोडं पेंड खातंय कुठे?

एकदा खरं सांग. वादातलं नको, वासराचं नको, तुझं सांग.

रोझलीन

•

ड्रमकिल
गुरुवार, ८ मार्च

प्रिय रोझलीन,

बर्फाने चार दिवस कोंडून घातलं. तुझं पत्र त्याआधीच पोचलं होतं, त्यानंतर पोस्टमन आज आला. तुम्हालाही तेवढाच पडला असेल, ढगाला काही सीमा कळत नाही. बर्फाचा इशारा आला तशी सगळ्या देशाने दुकानातली पावरोटी संपवली. अट्रॅक्टाने सहा आणल्या. आम्ही दोघं आणि सहा पावरोट्या. मी म्हटलं, "अगं, तू घरी ब्रेड भाजतेस ना?" ती म्हणाली, "सगळे घेत होते."

चार दिवस आम्ही चुलीपाशी समोरासमोर बसलो. मी तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. तोंडाने मला जमलं नसतं.

वडिलांनी मृत्युपत्रात असं लिहिलंय. मला पाठ आहे. 'शेत फेलिमला. फेलिमचं लग्न होईपर्यंत घर अट्रॅक्टाच्या हाती. त्याचं लग्न झाल्यावर अट्रॅक्टाला पश्चिमेची खोली, चुलीपाशी एक खुर्ची, रोज दोन लिटर दूध आणि रविवारी चर्चला जायला गाडीत जागा.' आमच्याकडे अशी मृत्युपत्रं सगळ्यांचीच असायची, तुला ठाऊक आहे. पण विचार कर. जिने आईचं केलं, वडिलांचं केलं, चौदा वर्षं माझं केलं, ती आज घराची मालकीण आणि माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी एका खोलीची आणि एका खुर्चीची धनी. दूध मापून. मी कुठल्या तोंडाने तिला सांगू की, बाई, आता ऊठ?

तिला काहीतरी कळलंय असं वाटतं. हल्ली मी आत आलो की ती कसलेसे कागद घाईने गादीखाली सरकवते. परवा डोळे पुसत होती, म्हणाली कांदा. कांदा कुठेच नव्हता. अ‍ॅबर्डीनचं तिच्या कानावर आलं असणार, आणि आता मी तुला थांबवायला घरी आणतो की काय, ही धास्ती.

मला तू हवी आहेस. हे लिहायला पाऊण तास लागला. पण तिला उठवून तुला बसवायचं मला जमत नाही. हे कुणाला सांगू नकोस.

फेलिम

•

किलगोन
बुधवार, १४ मार्च

प्रिय फेलिम,

पत्र उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग शाळेत उशिरा पोचले आणि बटाटे लागले. 'मला तू हवी आहेस' यासाठी अकरा वर्षं थांबले, म्हणजे एका शब्दाला जवळजवळ तीन वर्षं. महाग पडलास, पण वाचताना गोड वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता कान इकडे कर. तू तिला विचारलंस का?

विचारलं नाहीस. तिला काय वाटतं ते तूच ठरवलंस, आणि तिच्या वतीने दुःखही तूच करतोयस. अरे, तुम्ही दोघं चार दिवस एका चुलीपाशी बसलात, सहा पावरोट्या संपवल्यात आणि एक वाक्य बोलला नाहीत? मी असते तर दुसऱ्या पावरोटीपर्यंत सगळं काढून घेतलं असतं. पण मला पूल ओलांडायची बंदी! मास्तर क्विग्ली आज असते तर मी त्यांना गोड बोलून नदीत ढकललं असतं.

मी कुणाला काही सांगणार नाही. शब्द दिला. पण ईस्टरची तारीख हलणार नाही. ओर्लाला दुकानाचा करार करायचाय, तिला टांगून ठेवणं बरं नाही. आणि मी शाळेची सुट्टी लागली की सोमवारी सव्वीस तारखेला तिकडे जातेच आहे, दोन आठवड्यांसाठी. दुकान बघायला. परत येईन ती सामान बांधायला की इथे राहायला, ते तुझ्या हातात आहे.

तू फक्त एवढं कर. चहाच्या वेळी तिला विचार, "अट्रॅक्टा, तुला काय हवंय?" चार शब्द. पुढचं ती बोलेल.

रोझलीन

ता. क. तेवीसला वादात मी तुझी गय करणार नाही. चिठ्ठी ती चिठ्ठी.

•

ड्रमकिल
शनिवार, २४ मार्च

प्रिय रोझलीन,

काल मी वादातून मधूनच उठून गेलो, ते तू बघितलंस. शेजारचा टेरी दारातून हात हलवत होता. लाल गाय अडली होती. वासरू उलटं होतं. दोन तास लागले, पण दोघी ठीक आहेत. कालवड झाली.

पण उठताना तुझं वाक्य कानावर पडलं. "ज्याला नुसता वेळच हवा असतो, त्याला जायचंही नसतं आणि राहायचंही नसतं. अशा माणसाची वाट बघणारा मूर्ख." सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी गेलो ते गाईसाठीच, पण गाय नसती तरी गेलो असतो.

तुझं बरोबर आहे. मी अट्रॅक्टाला विचारलं नाही. तुझं पत्र आल्यापासून पाच संध्याकाळी तोंड उघडलं आणि पाचही वेळा 'मीठ दे' म्हणालो. काल रात्री परत आलो तर घरात ती नव्हती. टेबलावर चिठ्ठी. 'बर्नीकडे शहरात जातेय. अंडी कपाटात आहेत.' बस्स. मैत्रिणीकडे अशी न सांगता ती कधी गेली नाही. हॉलात कुणीतरी तिला आपल्या दोघांबद्दल टोचून बोललं असणार, आणि ती दुखावून गेली. कुणाकुणाला दुखवू मी? सकाळी अंडी केली. तव्याला लागली. कुत्र्यानेही वास घेऊन सोडली.

तू अ‍ॅबर्डीनला जा. मी तुला अडवणार नाही. ओर्लाला हो सांग. तुझा वेळ मी फार खाल्ला.

फेलिम

•

किलगोन
शनिवार, २४ मार्च

फेलिम,

कुठे गायब झालास? गाय अडली हे टेरीकडून नंतर कळलं, पण त्याआधी अर्धा तास मला वाटत होतं, माझ्या बोलण्याने तू पळालास. बाकीचं भाषण चिठ्ठीतलं होतं. ते एक वाक्य माझं होतं, आणि तुला लागावं म्हणूनच म्हटलं होतं. लागलं असेल तर बरंच झालं. पण तू जे चुकवलंस ते ऐक, आणि खाली बसून ऐक.

प्रस्ताव चार मतांनी पडला, आम्ही जिंकलो, तुमच्या लोकांनी कपबशा विसळल्या. ते जाऊ दे. मत घेण्याआधी नेहमीप्रमाणे श्रोत्यांना बोलायची मुभा दिली, प्रत्येकाला अंडं उकडायच्या वाळूच्या घड्याळाएवढा वेळ. म्हातारा लॅव्हरी पुलावरच्या जुन्या जकातचौकीबद्दल बोलला, लोणी कोटाच्या अस्तरात लपवून आणायचे दिवस परत येणार म्हणून जरा रडलाही. मग मागच्या बाकावरून अट्रॅक्टा उठली. तुझी अट्रॅक्टा! फादरच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

ती म्हणाली, "मी प्रस्तावाच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. मी मधल्या काळात राहते. चौदा वर्षं झाली. तिथली माहिती हवी असेल तर मला विचारा."

हॉल हसायला लागला. ती हसली नाही.

"वडिलांनी लिहिलंय, भावाचं लग्न होईपर्यंत घर मी सांभाळायचं. भाऊ लग्न करत नाही. मला वाटतं, त्याला माझ्या हातचं जेवण सोडवत नाही. म्हणून मी रोज तीन अंडी तळते. मला अंडी आवडत नाहीत, मला ते घर आवडत नाही, तिथून सगळ्यात जवळचा दिवा दीड मैलावर आहे. शहरात बर्नीच्या शेजारी दोन खोल्यांची जागा आहे. समोर बस थांबते आणि मंगळवारी बिंगो असतो. त्या जागेचे कागद मी तीन वर्षं गादीखाली ठेवलेत. रात्री काढून बघते. पण भाऊ एकटा पडेल, त्याला चहाही करता येत नाही, म्हणून थांबले. तो बिचारा माझ्यासाठी थांबलाय की काय, असं कधी कधी मनात येतं. विचारलं मात्र नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही."

वाळू कधीच संपली होती. कुणी तिला थांबवलं नाही.

"तुम्ही एकवीस महिने द्या नाहीतर एकवीस वर्षं द्या," ती म्हणाली. "दोघांनी मूग गिळून बसायचं ठरवलं, तर तो काळ कधी संपत नाही. मी तर आज बर्नीकडे चालले. माझी पिशवी गाडीत आहे."

आणि गेली! आख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, आणि ती कोटाची बटणं लावत सरळ दाराबाहेर. मी तिला एक अक्षर सांगितलेलं नाही, शपथ. तिनेही तुझ्यासारखंच सगळं मनात धरून ठेवलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

मला काल रात्रीच पूल ओलांडून यावंसं वाटलं. नियम संपला होता. बूट घातले, पुलापर्यंत आलेही. मग परत फिरले. अकरा वर्षं पुढचं पाऊल मीच टाकत आलेय, फेलिम. हे शेवटचे तीन मैल तुझे आहेत. सोमवारी मी निघते. खाली ओर्लाचा पत्ता दिलाय. ईस्टरच्या रविवारी दुपारी जेवताना ती विचारणार आहे.

रोझलीन

•

ड्रमकिल
गुरुवार, २९ मार्च

रोझलीन,

हे पत्र ह्यूगीच्या ट्रकमधून येतंय, मश्रूमच्या खोक्यांवर. पोस्टाने ते ईस्टरनंतर पोचलं असतं. फोन मी तीनदा उचलला. तुला माहीत आहे, फोनवर मला माझाच आवाज परका वाटतो. शिवाय ही गोष्ट कागदावर राहायला हवी.

आधी एक. तुझ्या दारात माझं चोवीस तारखेचं पत्र पडलंय. ते वाचू नकोस. जाळ.

तुझं काल दुपारी आलं. गमबूट तसेच, तसाच शहरात गेलो. बर्नीने दार उघडलं आणि म्हणाली, "पाय पूस." अट्रॅक्टा आत पत्ते खेळत होती. मी तुझे चार शब्द विचारले. ती म्हणाली, "चौदा वर्षं लागली तुला?" मी म्हटलं, "तुलाही." मग आम्ही दोघं इतके हसलो की बर्नीला वाटलं प्यायलोय. मग थोडे रडलोही. घराची ती मालकी तिला शिक्षा वाटायची, आणि मला वाटायचं तिला त्यात मान वाटतो. आता ती तिथेच राहणार. जागेचं ठरवून आलो. दूध मी आठवड्याला नेऊन देईन, मापून नाही.

आज सकाळी गाईंचं उरकून मॉनहनला नोंदणी कचेरीत गेलो. तिथली बाई म्हणाली, लग्नाची सूचना तीन महिने आधी द्यावी लागते. मी म्हटलं, "बाई, मी सत्तावन्न वर्षांचा आहे, मला विचार करायला वेळ नकोय." ती म्हणाली, कायदा आहे. मग तुमच्या बाजूला चौकशी केली. तिकडे साधारण महिन्याभरात होतं. म्हणून लग्न तुमच्या बाजूला. फादर म्हणतात, लग्नाआधीच्या शिकवणीच्या वर्गाला बसावं लागेल, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर. बसू. मुलं किती हवीत तेही तिथे विचारतात म्हणे.

तर रोझलीन कॉरिगन, माझ्या घरात जागा आहे. सगळं घर आहे. माझ्याशी लग्न करशील का? मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. त्याच्या पुढे मला एक दिवसही नको.

फेलिम

(खाली अट्रॅक्टाच्या अक्षरात) हो म्हण. त्याला अंडं जमायला लागलंय. पिवळं फुटतं, पण खाता येतं. पडदे मात्र आल्याबरोबर बदल, मला ते कधीच आवडले नाहीत.

•

अ‍ॅबर्डीन
रविवार, १ एप्रिल, ईस्टर

फेलिम,

काल संध्याकाळी एक आडदांड माणूस दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मश्रूमबरोबर तुमचं काहीतरी आलंय." ओर्ला म्हणाली, आपण मश्रूम मागवलेच नाहीत. मी तिथेच दारात वाचलं. ह्यूगी तोंड वळवून रस्त्याकडे बघत उभा होता, आणि मी विचारलं तर म्हणाला, वाऱ्याने डोळ्यात पाणी येतंय. खरंच इकडे वारा आहे. हे पत्र परत त्याच्याच हाती देतेय.

हो.

एकदाच लिहिते, पण मोठ्याने वाच. हो!

आता हसू नकोस. मेचा पहिला शनिवार मला जमणार नाही. ओर्लाला आज मी नाही सांगितलं, भागीदारीला. पोरगी म्हणाली, "मला वाटलंच होतं," आणि ताटातलं नुसतं चिवडत राहिली. दुकान जुलैत उघडतंय आणि तिच्या हाताशी कुणी नाही. मी तिला शब्द दिलाय की शाळा सुटली की जुलै-ऑगस्ट मी इथे येईन, दुकान चालतं करून देईन. शिवाय जूनपर्यंत शाळेचं स्वयंपाकघर मधेच टाकता येत नाही, आणि तुझ्या घराला पडदेच नाही तर रंगही हवाय, तू न सांगता मला माहीत आहे. म्हणून म्हणते, सप्टेंबर. पाच महिने.

हो, मला कळतंय मी काय मागतेय. ज्या बाईने दोन गावांसमोर मधला काळ पार धुऊन काढला, तीच आता मागतेय. किलगोनला कळलं तर ते चार मतं परत मागतील. पण मी जायची-यायची तारीख ठरवून मागतेय, आणि का मागतेय तेही सांगतेय. तुला नाही म्हणायचा हक्क आहे. म्हणालास तर मी मेमध्ये येईन आणि ओर्लाची काहीतरी दुसरी सोय बघेन. खरंच सांग, मनातलं.

रोझलीन

ता. क. ते चोवीस तारखेचं पत्र मी जाळणार नाही. दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मोठ्याने वाचून दाखवणार.

•

ड्रमकिल
गुरुवार, ५ एप्रिल

प्रिय रोझलीन,

ह्यूगीने पत्र हातात दिलं आणि गेला नाही. उत्तर काय आलं ते कळल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. 'हो' त्यालाही वाचून दाखवलं. मग पुढचं एकट्याने वाचलं.

पहिल्यांदा मला राग आला. गोठ्यात जाऊन तुझं सगळं भाषण तुझ्यावरच उलटवलं. वेळ कशाला हवा, दार लोटायचं तर कडी घाल, सगळं. चांगलं झालं भाषण. चिठ्ठी मला 'नको'ची आली असती तर मी जिंकलो असतो.

मग घरात आलो. अट्रॅक्टा नाही, तू नाही. खुर्च्या रिकाम्या. चहा केला, दोन कप भरले आणि एक ओतून दिला. आठ दिवस झाले हे असं चाललंय. दर तासाला रस्त्याकडे बघतो. गाडीचा आवाज आला की उठतो. मला वाटायचं, वाट बघायची म्हणजे काही करायचं नाही, नुसतं बसायचं. त्यात कसला त्रास, असं वाटायचं. आठ दिवसांत माझी ही दशा झाली, रोझलीन, आणि तू अकरा वर्षं हे केलंस, वर दर रविवारी केक केलास. मला माफ कर.

ओर्लाचं दुकान नीट उभं करून ये. शाळेच्या पोरांना जूनपर्यंत जेवू घाल. मी इकडे रंग काढतो, कुठला ते तू सांग. सप्टेंबरची पहिली तारीख शनिवार आहे, मी कॅलेंडर बघितलं. फादरना सांगून आलो, सकाळी अकरा.

तोवर वाट मी बघतो. आता पाळी माझी आहे.

तुझा
फेलिम